नव्या नेमबाजासाठी: रायफलची सफाई आणि गोळी झाडण्याआधीची तपासणी

साताऱ्यात एखादा मुलगा किंवा मुलगी नेमबाजी शिकायला लागली की थोड्याच दिवसांत घरातले किंवा शेजारचे कुणीतरी निवृत्त फौजी रायफल बघायला मागतात. अपशिंग्यासारखी फौजींची गावं असलेला हा जिल्हा, असे काका-आजोबा इथे घरोघरी. ते रायफल हातात घेतात, तोंड आधी मोकळ्या बाजूला वळवतात, बोल्ट उघडून आत पाहतात आणि मग विचारतात, "तेल कधी दिलंस? चिंधी मारलीस का?" यातल्या पहिल्या तीन गोष्टी जशाच्या तशा उचला, त्याहून चांगलं शिक्षण नाही. तेलाची गोष्ट मात्र त्यांच्या रायफलची आहे. बारुदाची रायफल आणि हवेची रायफल यांची देखभाल निराळी. हवेच्या रायफलला तेल पाजलं तर ती बिघडते, आणि काही वेळा ते जिवावरही येऊ शकतं. म्हणून तपासणी फौजेच्या शिस्तीनं करायची, पण सफाई एअर रायफलला मानवेल तेवढीच.

१ ऑगस्ट २०२४ ला शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. साहजिकच अनेक आईबाप आता मुलांना रेंजवर घेऊन येतात. पोझिशन, श्वास, ट्रिगर हे कोच शिकवतातच. रायफल कशी सांभाळायची हे मात्र बऱ्याचदा ऐकीव माहितीवर राहतं.

आधी आपली रायफल ओळखा

नवशिक्याच्या हातात साधारण तीनपैकी एक प्रकार येतो. पहिली स्प्रिंगची एअर रायफल: नळी सांध्यापाशी वाकवून किंवा लिव्हर ओढून स्प्रिंग ताणायची, चाप दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि त्याच्या पुढची हवा गोळी ढकलते. दुसरी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. स्पर्धेत दिसणाऱ्या वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, आन्शुट्झ या बहुतेक याच जातीच्या. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा असते. दोन्हींत ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी, जिला रेंजवर सगळे पेलेट म्हणतात. तिसरी .२२, खरी काडतुसाची रायफल, जी एनसीसीच्या कॅडेटला फायरिंगच्या वेळी मिळते आणि ५० मीटरच्या प्रकारात वापरतात.

मॅचच्या एअर रायफलची गोळी सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं निघते. "हवेची तर आहे" असं म्हणून जी ढिलाई येते तिला इथेच थांबवा. डोळा कायमचा जायला यापेक्षा खूप कमी वेग पुरतो. .२२ ची गोळी तर मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

सफाई असो, सराव असो, बॅगेतून नुसतं काढून दाखवणं असो, पहिली पायरी एकच. ती घाईत उरकायची नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. रेंजवर ती दिशा म्हणजे टार्गेट. घरी मात्र आधी ठरवावी लागते: जिच्या पलीकडे कुणी राहत नाही, ये-जा करत नाही अशी भक्कम भिंत. दार, खिडकी, पत्र्याचं पार्टिशन चालणार नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर जमीनही सुरक्षित नाही, कारण खाली माणसं आहेत. बोट चापाच्या कड्याबाहेर, स्टॉकच्या (नळी धरून ठेवणाऱ्या आणि खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) बाजूला सरळ. मग बोल्ट किंवा लिव्हर पूर्ण उघडा आणि आत पाहा.

पीसीपीमध्ये इथेच नवशिका फसतो. गोळी ठेवायच्या जागेत काही दिसत नाही, म्हणजे रायफल रिकामी, असं त्याला वाटतं. पण लिव्हर बंद करताना गोळी पुढे ढकलली जाऊन नळीत बसते. पुन्हा लिव्हर उघडला तरी ती नळीतच राहते, वरून दिसत नाही. म्हणून एअर रायफलसाठी सेफ्टी फ्लॅग लांब दोरीचा असतो: भडक केशरी किंवा तशाच उठून दिसणाऱ्या रंगाची नायलॉनची दोरी, मागून घालायची आणि पुढे नळीच्या तोंडातून बाहेर आलेली दिसली पाहिजे. दोरी आरपार गेली म्हणजे नळी मोकळी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत हा फ्लॅग सक्तीचा आहे. मी तर म्हणेन, स्पर्धा नसली तरी रोज वापरा. रायफलसोबत फ्लॅग आला नसेल तर केशरी नायलॉन दोरी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नळीत सहज सरकेल इतकी बारीक घ्या आणि नळीपेक्षा चांगली वीतभर लांब कापा.

दोरी मध्येच अडली तर आत पेलेट आहे. ती उलटीकडून सळई घालून ठोकत बसू नका. रेंजवर असाल तर कोचला सांगा, फायरिंग लाइनवर जाऊन परवानगीनं ती गोळी टार्गेटमध्ये झाडून टाका, आणि मग पुन्हा सुरुवातीपासून तपासा.

.२२ मध्ये बोल्ट मागे ओढा, मॅगझिन असेल तर आधी काढा, चेंबरमध्ये पाहा आणि उजेड कमी असेल तर करंगळीचं टोक लावून चाचपा. फौजेत "जाँच शस्त्र" हुकमावर जे होतं ते हेच.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नको: दुसऱ्याच्या हातातून रायफल घेतली की पुन्हा तपासायची. त्यानं आत्ता तुमच्यासमोर तपासली असली तरीही. सरांनी दिली तरी. यात अपमान कसला? चांगला कोच यावर खूशच होतो.

सफाईचं सामान

यादी लहान आहे. ४.५ मिलिमीटरच्या फेल्टच्या गोळ्या (सफाईसाठीच मिळतात, डब्यात भरपूर येतात). प्लास्टिकचं आवरण असलेली एकसंध सळई किंवा लवचीक केबल. जुन्या, खूप धुतलेल्या सुती कापडाच्या चिंध्या. मऊ झालेला बनियन उत्तम, कारण त्याचे धागे फारसे सुटत नाहीत. लहानसा मऊ ब्रश. रायफलसोबत आलेल्या ॲलन की. आणि एक टॉर्च.

काय आणू नये हे जास्त महत्त्वाचं. खोबरेल तेल नको. साताऱ्याच्या थंडीत ते बाटलीत थिजतं तसंच रायफलमध्येही थिजतं आणि पुढे चिकट थर होऊन बसतो. फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवायचं तेल नळीत किंवा हवेच्या मार्गात नको. पितळी किंवा तारेचा ब्रश एअर रायफलच्या नळीत नको; तिथे बारुदाची काजळी नसतेच, त्यामुळे घासण्यासारखं काही नाही, नुसत्या आतल्या खाचा खराब होतात. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचं तर नावच नको, हवा अडवणाऱ्या रबरी ओ-रिंग त्यांनी फुगतात आणि मग हवा गळते.

शिलाई मशीनचं तेल घरात असतंच. ते बाहेरच्या लोखंडी भागांवर बोटानं पुसट फिरवायला चालतं. हवा जिथून जाते तिथे एक थेंबही नको. तिथे काय लावायचं आणि लावायचं का, हे त्या रायफलच्या माहितीपुस्तकात असतं. बहुतेक वेळा उत्तर "काही नाही" किंवा "ओ-रिंगला किंचित सिलिकॉन ग्रीस" असंच असतं.

एअर रायफलची सफाई, क्रमानं

रिकामी असल्याची खात्री झाली. पेलेटचे डबे खोलीबाहेर ठेवा. पीसीपी असेल तर माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे सिलिंडर उतरवून बाजूला ठेवा.

टेबलावर जुनी सतरंजी किंवा टॉवेल अंथरून रायफल आडवी ठेवा, तोंड भिंतीकडे. आधी बाहेरून पुसा. घामात मीठ असतं, आणि गाल टेकतो, हात धरतो त्याच ठिकाणी गंजाचे ठिपके प्रथम येतात. सरावानंतर रोज एवढं पुसणं झालं तरी निम्मी देखभाल झाली.

मग नळी. दिशा नेहमी मागून पुढे, जशी गोळी जाते तशी. नळीच्या तोंडाची कडा हा रायफलचा सगळ्यात नाजूक भाग. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श तिथला, आणि तिथे केसाएवढा ओरखडा आला तरी गोळ्या पसरू लागतात. सळई तोंडाकडून घुसवली की नेमकी तीच कडा घासते. एक कोरडा फेल्ट मागून घाला, सळईनं सावकाश पुढे सरकवा, तोंडातून बाहेर पडू द्या. तो करडा-काळा निघेल, ते शिसं. दुसरा, तिसरा. फेल्ट बऱ्यापैकी फिका यायला लागला की थांबा. पांढराशुभ्र येईपर्यंत घासत राहायची गरज नाही.

पुष्कळ जण पीसीपीमध्ये फेल्ट हवेनंच झाडतात. काही कंपन्यांना ते मान्य आहे, माहितीपुस्तक पाहून करा, पण तेही टार्गेटच्या दिशेनं आणि खऱ्या गोळीइतक्याच गांभीर्यानं. स्प्रिंगच्या रायफलमध्ये हे अजिबात नाही. हलक्या फेल्टला विरोध नसतो, पिस्टन थेट पुढे जाऊन आदळतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. याच कारणानं स्प्रिंगची रायफल गोळी न घालता कधीही झाडू नये. मित्र "बघू, कशी चालते" म्हणत रिकामा चाप दाबतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

स्प्रिंगच्या रायफलचं आणखी एक. नळी किंवा लिव्हर ताणलेली असताना ती एका हातानं घट्ट धरून ठेवूनच दुसऱ्या हातानं गोळी घाला. ताणलेली नळी सुटून झटक्यात मिटली तर बोट चिरडतं.

गोळी ठेवायची जागा मऊ ब्रशनं झाडा, शिशाचा चुरा तिथे साठतो. तो फुंकू नका, ओलसर चिंधीनं टिपा. शेवटी टॉर्च लावून नळीतून आरपार पाहा: फेल्ट किंवा चिंधीचा तुकडा आत राहिलेला नाही ना. ही तपासणी सफाईचाच भाग आहे, राहून गेली तर सफाई अर्धी. मग साबणानं हात धुवा. शिसं नखांखालून पोटात जातं, आणि मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त. त्याच हातानं वडापाव खाणं, पेलेट ओठांत धरून ठेवणं, या सवयी पहिल्याच दिवशी मोडा.

किती वेळानं करायची? एअर रायफलची नळी पाचशे-हजार गोळ्यांनंतर साफ केली तरी चालते. नव्या मुलांची चूक कमी सफाईची नसते, जास्त सफाईची असते. नळीत शिशाचा अगदी पातळ थर बसलेला असतो तेव्हा गोळ्या एकसारख्या जातात. सफाईनं तो निघून जातो आणि पुढच्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे पडतात. म्हणून बालेवाडीला मॅच असेल तर आदल्या रात्री नळीला हात लावू नका. दोन-तीन दिवस आधी साफ करा, नंतर एक नेहमीचा सराव करा आणि तशीच घेऊन जा.

सिलिंडरबद्दल, कृपया सगळं वाचा

२०० बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दोनशे पट दाब. रायफल सुरक्षित बनवलेली असते. माणसाच्या हातून धोका होतो तो भरण्यात.

ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. गावात कंप्रेसर नाही, पण वेल्डिंगच्या गॅरेजमध्ये ऑक्सिजनची टाकी आहे, दवाखान्यात आहे, मग "हवाच ती" असं कुणीतरी सुचवतं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा अंश मिळाला तर ते पेट घेतं आणि सिलिंडर फुटू शकतो. फक्त कोरडी, गाळलेली हवा. रेंजवरचा कंप्रेसर, हवेची मोठी टाकी किंवा त्यासाठीच बनवलेला हातपंप, एवढेच मार्ग.

सावकाश भरा. घाईत भरली तर सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो, आणि निवल्यावर दाब उतरतो. हातपंप वापरताना थोडं मारून थांबा, पंप थंड होऊ द्या, आतलं पाणी सोडायचा स्क्रू उघडा. हे पाणी कुठून येतं? हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत वाफच वाफ. ती सिलिंडरमध्ये गेली तर आतून गंज धरतो, जो तुम्हाला कधी दिसणार नाही. पावसाळ्यात जमेल तितकं, चांगला फिल्टर असलेल्या कंप्रेसरवरूनच भरा.

सिलिंडर हातानं बसवायचा, पान्यानं आवळायचा नाही. सोडताना हलकी फुस्स होणं नेहमीचं. बसवल्यावर मात्र आवाज येत राहिला तर ओ-रिंग गेली. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि सरावातही वापरू नये. सेकंडहँड रायफल घेताना किंमत ठरवण्याआधी ही तारीख पाहा. पुण्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रॅफिक अडकला आणि गाडी उन्हात बंद करून उभी राहिली, तर भरलेला सिलिंडर डिकीत तापत ठेवू नका.

.२२ असेल तर

इथे काकांची चिंधी आणि तेल कामाला येतं. काडतूस जळतं, काजळी राहते, शिशाच्या गोळीवरचं मेण राहतं, आणि चेंबरच्या जरा पुढे या सगळ्याचं कडक कडं तयार होतं. मागून बोल्ट काढून सळईला आधार देणारी नळकांडी बसवा, चिंधीला नळी साफ करण्याचं द्रावण लावून आत फिरवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या चिंध्या घाला, एक वापरली की दुसरी. ब्राँझचा ब्रश लागलाच तर मागून पुढे पूर्ण बाहेर काढायचा. नळीच्या मध्यात दिशा बदलायची नाही. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड पकडणारा एक्स्ट्रॅक्टर पुसा. रायफल ठेवायची असेल तर शेवटी तेलाची अगदी पातळ चिंधी.

आणि पुढच्या वेळी झाडण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीनं काढायचं. ओल्या नळीतून पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात. दोरीचा पुलथ्रू (टोकाला चिंधी लावून नळीतून ओढायची दोरी) छावणीत सोयीचा आहे, पण तो ओढताना दोरी नळीच्या कडेवर तिरकी घासू देऊ नका. सरळ रेषेत ओढा. माहितीपुस्तकात स्पष्ट परवानगी नसेल तर .२२ रिकामी झाडू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

रेंजवर, पहिल्या गोळीआधी

बॅग फायरिंग लाइनवरच उघडा आणि रायफल बाहेर येतानाच तोंड टार्गेटकडे असू द्या. मागे खुर्च्यांमध्ये उघडून खांद्यावर टाकत पुढे यायचं नाही. लिव्हर उघडा, फ्लॅग आहे ना पाहा.

आता स्क्रू. स्टॉकला नळीचा भाग धरून ठेवणारे स्क्रू, मागची बारीक भोकाची पीप साइट, पुढची साइट, खांद्याला टेकणारी बट प्लेट, पुढचा हात अडवणारा हँडस्टॉप, हे सगळं बोटांनी हलवून पाहा. एसटीच्या प्रवासात स्क्रू ढिले होतात. गेल्या वेळी दहा जात होते आणि आज सात जातात, तर श्वासाला दोष देण्याआधी ॲलन की घ्या. मात्र जीव खाऊन आवळू नका. स्टॉकचे स्क्रू दर वेळी सारखेच आवळलेले हवेत, म्हणून शक्य असेल तर क्लबमध्ये टॉर्कची की वापरा. साइटच्या नॉबचे आकडे वहीत लिहिलेले असावेत, बॅगेत नॉब फिरलेला असतो तो लगेच कळतो. पुढच्या साइटमधली रिंग नीट बसली आहे आणि काच पुसली आहे, हेही पाहा.

ट्रिगरची तपासणी रिकाम्या रायफलवर, तोंड टार्गेटकडे ठेवून. पहिला टप्पा, मग अडसर, मग सुटणं, हे नेहमीसारखं लागतंय का? लिव्हर बंद करताना किंवा बट हलकेच टेकवताना रायफल आपोआप सुटली तर त्या दिवशी ती वापरायची नाही. घरी यूट्यूब पाहून ट्रिगरचे स्क्रू फिरवणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, हे कोचसमोरच करा. हलका ट्रिगर हौसेनं आणखी हलका केला की तो कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही. पीसीपीत रिकाम्या सरावासाठी वेगळी सोय असते, तिच्यावर ठेवूनही वरचे सगळे नियम लागू.

हवेच्या दाबाचा काटा पाहा. मॅच ६० गोळ्यांची, त्याआधी १५ मिनिटांत सायटिंगच्या, म्हणजे साइट जुळवून घेण्याच्या, गोळ्या वेगळ्या. हवा पुरेल एवढी हवी. काटा हिरव्याच्या खाली गेला की गोळ्या खाली पडू लागतात आणि नवशिका साइट फिरवत बसतो.

पेलेट तळहातावर घेऊन बघा. मॅचची पेलेट पुढून चपटी, मागून पातळ झगा असलेली. त्या झग्याला पोचा पडला असेल तर बाजूला टाका. डबा पडला असेल तर पूर्ण डबा सरावाला वापरा. एकदा झाडलेली पेलेट परत वापरायची नसते, हे सांगावं लागू नये, पण लहान मुलं ट्रेमधून गोळा करतात.

मग हुकूम. "लोड" म्हटल्यावरच गोळी घालायची, "स्टार्ट" नंतर झाडायची, "स्टॉप" ऐकलं की जिथे असाल तिथे थांबायचं, चाप अर्धा दाबला असला तरी. "अनलोड" झालं की लिव्हर उघडा, फ्लॅग घाला, हात काढा. कुणीही टार्गेटकडे गेलेलं असताना रायफलला स्पर्श नाही. पुसायला नाही, साइट बघायला नाही, पडत असेल तर धरण्यापुरता एवढाच अपवाद.

चाप दाबला आणि काही झालं नाही, तर तोंड टार्गेटकडेच ठेवून हात वर करा. .२२ मध्ये किमान ३० सेकंद तसंच धरून थांबा, कारण काडतूस उशिरा फुटू शकतं. मग रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्या मागे दुसरी झाडणं हा नळी फुटण्याचा सरळ रस्ता. थांबा, सांगा, नळी तपासून घ्या.

घरचा सराव आणि कायदा

दहा मीटरचा बोळ किंवा वाड्याचं अंगण असलं की घरीच रेंज करायचा मोह होतो. गच्चीवर नको, कधीच नको. अंगणात करायचीच तर तिन्ही बाजू बंद हव्यात, गोळीच्या वाटेत उघडणारं दार नको आणि समोर तिरक्या पत्र्याचा पेलेट पकडणारा डबा हवा. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीवर किंवा सपाट लोखंडी पत्र्यावर झाडलेली पेलेट उलटी येते. बघणाऱ्यांनाही चष्मा द्या.

शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण खरेदीच्या वेळी ओळखीचा आणि वयाचा पुरावा द्यावा लागतो. पावती आणि क्लबचं कार्ड बॅगेतच ठेवा, नाक्यावर पोलिसांनी विचारलं तर दोन मिनिटांत काम होतं. .२२ परवान्याशिवाय घरी आणता येत नाही. रायफल बंद बॅगेत, पेलेट वेगळ्या कप्प्यात.

आणि पाखरं मारायला एअर रायफल नाही. कोयना, सागरेश्वर ही अभयारण्यं आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान ज्या भागात आहेत तिथल्या मुलांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ माहीत असायलाच हवा. अभयारण्याबाहेर, आपल्या शेतातल्या झाडावरचा होला मारला तरी तो गुन्हाच. गलोलीच्या जागी एअरगन आली म्हणून काही बदलत नाही.

पावसाळ्यात ठेवायची कशी

जून ते सप्टेंबर हा रायफलचा खरा शत्रू. बॅगेतला फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे पावसातून आल्यावर रायफल बॅगेत ठेवायची नाही. बाहेर काढा, कोरड्या चिंधीनं पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, बॅग उघडी टाकून सुकू द्या. मग कुलूपबंद कपाटात, सिलिकाजेलच्या पुड्यांसोबत. पुड्यांतले रंगीत दाणे ओल धरून रंग बदलतात, तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा वापरता येतात, फक्त आधी ते कागदी पुडीतून काढून घ्या आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीतून उबदार घरात आणलेली रायफल लगेच पुसू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तोवर तिच्यावर दव धरत राहतं.

कपाटाची किल्ली मुलाकडे नको, घरातल्या मोठ्या माणसाकडे. पेलेट दुसऱ्या कपाटात. स्प्रिंगची रायफल ताणलेली ठेवायची नाही. पीसीपीचा सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडा दाब आत राहिला की सील जागेवर राहतात.

सराव बंद असला तरी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाट उघडा. पहिली पायरी तीच: तोंड भिंतीकडे, लिव्हर उघडा, दोरी आरपार. मग नळीच्या तोंडाची कडा, साइटचे स्क्रू आणि गाल टेकतो ती जागा टॉर्चनं पाहा. तांबूस ठिपका दिसला तर त्याच दिवशी तेलाच्या चिंधीनं बाहेरून पुसा, सँडपेपर लावू नका. नळीच्या आत दिसला तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडे किंवा क्लबमधल्या जाणकाराकडे न्या, आणि त्यांनी पाहीपर्यंत गोळी झाडू नका.